बिल्ड सक्सेस, जार रिकामी

या महिन्याच्या पत्रांत जावावाल्यांचा भरणा आहे. तक्रारीही एकाच जातीच्या: फाइल डोळ्यांना दिसते, एक्लिप्स, इंटेलिजेसारख्या एडिटरला दिसते, बिल्ड टूलला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेव्हन, अँट, ग्रेडलसारख्या टूलला, मात्र दिसत नाही. म्हणून डेटाबेसची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. ज्यांची आहेत त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट म्हणजे हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम. एक्लिप्समध्ये रन केला की छान चालतो. सरांनी मेव्हनने जार करून आणायला सांगितली. मी पॉम, म्हणजे मेव्हनच्या सेटिंगची फाइल, लिहिली, मेन क्लासचं नावही त्यात दिलं, कमांड चालवली आणि ‘बिल्ड सक्सेस’ आलं. पण जार चालवली की मेन क्लास सापडत नाही म्हणते. सबमिशन जवळ आलंय. कोड तर बरोबर आहे, मग मेव्हन चुकतंय का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : कोड बरोबर आहे आणि मेव्हनही चुकत नाहीये. आधी ती जार उघडून बघ. जार म्हणजे कंपाइल झालेले क्लास भरलेली झिप फाइलच. सेव्हन-झिपने उघड, नाहीतर टर्मिनलवर ‘जार टीएफ’ लिहून पुढे फाइलचं नाव दे. आत ‘मेटा-आयएनएफ’ नावाचं फोल्डर असेल आणि तुझा एकही क्लास नसेल. मग मेन क्लास सापडणार कुठून?

आता कमांडचा आउटपुट वर सरकवून पहिल्यापासून वाच. ‘नो सोर्सेस टु कंपाइल’ अशी एक ओळ दिसेल आणि त्याखाली ‘जार विल बी एम्प्टी’ अशी वॉर्निंग. मेव्हनने दोनदा सांगितलं होतं. माझ्या क्लासातही हेच चालतं. शेवटची हिरवी ओळ दिसली की मुलं लॅपटॉप मिटून वडापाव खायला पळतात.

झालंय ते असं. एक्लिप्सचा साधा जावा प्रोजेक्ट कोड ‘एसआरसी’ फोल्डरात ठेवतो आणि तो पत्ता ‘डॉट क्लासपाथ’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. ती फाइल एक्लिप्सपुरती. मेव्हन ती उघडतही नाही. मेव्हनचा पत्ता ‘एसआरसी/मेन/जावा’ हा. तू हे पॉममध्ये कुठे लिहिलं नाहीस हे खरं, पण प्रत्येक पॉमला ‘सुपर पॉम’ नावाच्या मूळ पॉमकडून वारसा मिळतो आणि हा पत्ता तिथे लिहिलेला आहे. मेव्हन फाइली शोधत हिंडत नाही. गॅसवाला सिलिंडर घेऊन कार्डावरच्या पत्त्यावर जातो. तुम्ही बिऱ्हाड शेजारच्या गल्लीत हलवलं असेल तर तो तुमच्या नावाने हाका मारत फिरणार नाही, तसंच हे.

मग एरर का आली नाही? कारण जावा कोड नसलेले मेव्हन प्रोजेक्टही असतात. कुणी नुसत्या कॉन्फिगरेशन फाइलींची जार करतं. त्यामुळे सोर्स फोल्डर नसणं हा मेव्हनच्या लेखी गुन्हा नाही. मला विचारशील तर अख्खी जार रिकामी निघत असेल तेव्हा बिल्ड थांबायलाच हवा. पण तो थांबत नाही, तेव्हा वॉर्निंग वाचणं आपल्याकडे आलं.

यावर उपाय दोन. पहिला, पॉममध्ये ‘बिल्ड’ टॅगच्या आत ‘सोर्सडिरेक्टरी’ टॅग लिहून त्यात ‘एसआरसी’ द्यायचं. एका ओळीचं काम. दुसरा, ‘एसआरसी’च्या आत ‘मेन’ आणि त्याच्या आत ‘जावा’ फोल्डर करून सगळी पॅकेजेस तिथे हलवायची. तू दुसरा कर. पहिला सोपा दिसतो आणि मागाहून छळतो. तो पत्ता दिला की ‘एसआरसी’च्या पोटातली, कितीही खोल असलेली, प्रत्येक जावा फाइल मेन कोड म्हणून कंपाइल होणार. उद्या सर म्हणाले ‘टेस्ट लिही’ आणि तू रीतसर ‘एसआरसी/टेस्ट/जावा’ फोल्डर केलंस, तर त्या टेस्टसुद्धा मेन कोडमध्ये ओढल्या जातील. जेयुनिट या टेस्टच्या लायब्ररीची डिपेंडन्सी, म्हणजे ती लागते अशी पॉममधली नोंद, ‘टेस्ट’ स्कोपची असते, मेन कोडला ती दिसत नाही. मग ‘पॅकेज ऑर्ग डॉट जेयुनिट डझ नॉट एक्झिस्ट’ अशी एरर येईल आणि तू डिपेंडन्सीची आवृत्ती बदलत बसशील, जिच्यात काहीच वावगं नाही.

आणखी एक. तुझ्या प्रोग्रॅमला दरांची किंवा डेटाबेसची प्रॉपर्टीज फाइल लागत असेल आणि ती जावा फाइलींच्या शेजारी पडलेली असेल, तर तिला ‘एसआरसी/मेन/रिसोर्सेस’मध्ये हलव. एक्लिप्स सोर्स फोल्डरातल्या इतर फाइलीही मुकाट्याने उचलून क्लासच्या फोल्डरात टाकतं. मेव्हन ‘जावा’ फोल्डरातून फक्त जावा फाइली घेतं.

हलवाहलव झाली की एक्लिप्समध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून ‘कॉन्फिगर’मधून ‘कन्व्हर्ट टु मेव्हन प्रोजेक्ट’ कर. फोल्डर हलवायच्या आधीच हे केलंस तर एक्लिप्स कधी कधी स्वतःहून पॉममध्ये ‘सोर्सडिरेक्टरी’ची ती ओळ घालून ठेवतं. तशी दिसली तर काढून टाक आणि ‘मेव्हन’ मेनूतून ‘अपडेट प्रोजेक्ट’ कर.

शेवटी एक कमांड लिहून घे: ‘एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम’. वारशाने आलेलं सगळं धरून तुझा पॉम प्रत्यक्षात काय आहे ते ती छापते. ‘सोर्सडिरेक्टरी’ची ओळ शोध, मेव्हन नेमकं कुठे बघतंय ते पूर्ण पत्त्यासकट दिसेल. मित्राला विचारण्याआधी टूलला विचारावं.

प्रश्न : नमस्कार. आम्ही पतसंस्थांसाठीचं एक जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो. बिल्ड अजून अँटवर आहे. सोर्स फोल्डर तीन: ‘एसआरसी’, ‘एसआरसी-कॉमन’ (हेच फोल्डर आमचं दुसरं एक उत्पादनही वापरतं) आणि ‘एसआरसी-जेन’, ज्यात एक्सएमएल स्कीमावरून तयार केलेले क्लास आहेत. मेव्हनवर जायचं ठरलंय, पण ‘सोर्सडिरेक्टरी’ टॅग दोनदा लिहिला की ‘डुप्लिकेटेड टॅग’ म्हणून पॉमच नाकारला जातो. तीन फोल्डर कसे द्यायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देता येतात, आणि कसे ते सांगते. पण तुमच्या तीन फोल्डरांना तीन वेगवेगळी औषधं लागणार आहेत, म्हणून जरा सविस्तर.

अँट जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅटच्या बिल्डसाठी लिहिलं आणि २००० साली ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. त्याला फोल्डरांबद्दल काही मत नव्हतं. ‘जावासी’ टास्कला ‘एसआरसीडीआयआर’मध्ये एक पत्ता द्या, चार द्या, त्याला सगळं सारखंच. त्यामुळे प्रत्येक कंपनीत फोल्डरांची रचना निराळी असायची आणि नोकरी बदलली की आधी बिल्ड फाइल वाचण्यात दिवस जायचे. मेव्हन २.० ऑक्टोबर २००५मध्ये आलं ते ‘एसआरसी/मेन/जावा’ ही रचना गृहीत धरूनच. एका मॉड्यूलचं एक सोर्स फोल्डर, त्यातून एक जार. तुमची तीन फोल्डरं तिथे अडतात ती याच विचारामुळे. हा विचार मला पटतो. काहींना जाच वाटतो, वाटो.

आधी ‘एसआरसी-जेन’. तयार झालेला कोड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, ठेवणं बंद करा. स्कीमा फाइल ठेवा आणि क्लास प्रत्येक बिल्डमध्ये तयार होऊ द्या. स्कीमावरून क्लास काढणारे मेव्हनचे जॅक्स-बी प्लगइन ते क्लास ‘टार्गेट/जनरेटेड-सोर्सेस’च्या खाली कुठेतरी काढतात आणि तो पत्ता मेव्हनला स्वतःच कळवतात, तुम्हाला सोर्स फोल्डर म्हणून काही लिहावं लागत नाही. तुम्ही आजवर ‘एक्सजेसी’ ही कमांड जेडीकेबरोबर, म्हणजे जावाच्या मूळ किटबरोबर, आलेली वापरत असाल. जावा ११पासून जॅक्स-बी जेडीकेमधून काढून टाकलंय, तेव्हा जावाही वाढवायचा बेत असेल तर त्याच्या डिपेंडन्सी पॉममध्ये वेगळ्या लिहाव्या लागतील. हा बदल मेव्हनच्या स्थलांतराबरोबर एकाच दमात करू नका. काय बिघडलं आणि कशामुळे, ते कळणार नाही.

मग ‘एसआरसी-कॉमन’. खरं दुखणं इथे आहे. दोन उत्पादनं एकच फोल्डर आपापल्या बिल्डमध्ये ओढतात, म्हणजे तेच क्लास दोन जारमध्ये कंपाइल होतात. दोन्ही जार कधी एका सर्व्हरवर एकत्र आल्या तर क्लासपाथवर जी आधी असेल तिच्यातला क्लास उचलला जातो. दोन्हींची आवृत्ती सारखी आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. व्याजाच्या गणितात एका उत्पादनासाठी दुरुस्ती झाली, दुसऱ्याची जार जुनीच राहिली, की सर्व्हर सुरू करताना कोणती जार आधी आली यावर खातेदाराचं व्याज ठरणार! तेव्हा ‘कॉमन’चं स्वतंत्र मॉड्यूल करा: स्वतःचा पॉम, स्वतःचा आवृत्तिक्रमांक, स्वतःची जार. दोन्ही उत्पादनं तिला डिपेंडन्सी म्हणून घेतील. एकाच रिपॉझिटरीत असाल तर वर एक पालक पॉम ठेवून त्याच्या ‘मॉड्यूल्स’ यादीत सगळ्यांची नावं घाला.

हे एका आठवड्यात होणार नाही, हे मला कळतं. तोवरचा पूल म्हणजे ‘बिल्ड-हेल्पर-मेव्हन-प्लगइन’. त्याचं ‘ॲड-सोर्स’ हे गोल (म्हणजे काम) ‘जनरेट-सोर्सेस’ फेजला (बिल्डच्या टप्प्याला) बांधा आणि ‘सोर्सेस’मध्ये हवी तितकी जादा फोल्डरं द्या. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर एवढंच. फक्त त्या पॉममध्ये वर एक टीप लिहून ठेवा की हे तात्पुरतं आहे आणि कॉमनचं मॉड्यूल झालं की काढायचं. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात ते पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी काय सांगावं.

आता एक सूचना, जी सहसा कुणी देत नाही. अँटची बिल्ड फाइल उघडा आणि ‘एक्स्क्लूड्स’ शोधा. जुन्या प्रोजेक्टात ‘ओल्ड’, ‘बॅकअप’, कुणाच्या तरी नावाचं फोल्डर, असं काहीतरी वर्षानुवर्षं पडून असतं आणि अँटला ते वगळायला सांगितलेलं असतं. मेव्हनला ते माहीत नाही. ते सगळंच कंपाइल करायला घेईल आणि शंभर एरर तुमच्या अंगावर येतील. मेव्हनच्या कंपाइलर प्लगइनलाही ‘एक्स्क्लूड्स’ देता येतं, पण त्यावर विसंबू नका. वगळलेल्या फाइलीतला क्लास दुसऱ्या कुठल्या फाइलीत वापरलेला असेल तर जावा कंपाइलर सोर्सपाथवरून ती फाइल शोधून काढतो आणि कंपाइल करतोच. नको असलेला कोड सोर्स फोल्डरातून बाहेर काढा. गिटमध्ये इतिहास आहे, काही हरवत नाही.

आणि अँट लगेच पुसू नका. काही दिवस दोन्ही बिल्ड चालवा. दोन्ही जारमधल्या फाइलींची यादी काढा, क्रमाने लावा आणि एकमेकींशी ताडून बघा. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही अशी प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न, आणि तो ग्राहकाच्या आधी तुम्हाला पडलेला बरा. पावत्यांवरचा मराठी मजकूर जावा फाइलींतच लिहिलेला असेल तर पॉममध्ये सोर्स एन्कोडिंगही स्पष्ट द्या. नाहीतर फाइल सापडेल, पण वाचली जाईल भलतीच.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत एका प्रोजेक्टवर नवीन आहे. मायबॅटिसची (डेटाबेसच्या क्वेरी एक्सएमएलमध्ये लिहू देणारी लायब्ररी) मॅपर एक्सएमएल मी जावा इंटरफेसच्या शेजारीच ठेवली, कारण टीममधल्या एकाच्या प्रोजेक्टात तशीच आहे. त्याचं चालतं, माझं ‘इनव्हॅलिड बाउंड स्टेटमेंट’ म्हणतं. मग त्याच्या पॉममधला रिसोर्सेसचा तुकडा आणला, तर ॲप्लिकेशन प्रॉपर्टीजच गायब झाल्या. शेवटी तो तुकडा काढला आणि एक्सएमएल रिसोर्सेसमध्ये तशाच नावाच्या फोल्डरात हलवली, तर पुन्हा पहिली एरर. फोल्डर तंतोतंत तेच आहे, दहादा बघितलं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तीन वेगवेगळी कोडी आहेत ही.

पहिलं, ‘जावा’ फोल्डरातली एक्सएमएल मेव्हन उचलत नाही. वर सांगलीच्या मुलाला सांगितलं तेच. सहकाऱ्याचं चालतं कारण त्याने पॉममध्ये ‘एसआरसी/मेन/जावा’ हे रिसोर्स फोल्डर म्हणूनही नोंदवलंय.

दुसरं, पॉममध्ये तुम्ही ‘रिसोर्सेस’ हा टॅग स्वतः लिहिलात की वारशाने मिळालेली यादी रद्द होते. तुमची यादी तिच्यात मिळवली जात नाही, तिच्या जागी बसते. त्यामुळे ‘एसआरसी/मेन/रिसोर्सेस’ हे नेहमीचं फोल्डरही स्वतः पुन्हा लिहावं लागतं. तुकडा आणताना दोन रिसोर्स नोंदींपैकी एकच आली असणार.

तिसरं गमतीचं आहे. तुम्ही इंटेलिजे वापरत असाल तर रिसोर्सेसवर राइट क्लिक करून नवीन डिरेक्टरीचं नाव पॅकेजसारखं टिंबं देऊन लिहिलंत का? जावा पॅकेज करताना टिंब दिलं की एकात एक फोल्डरं तयार होतात. रिसोर्सेसमध्ये मात्र टिंबांसकट एकच लांबलचक नावाचं फोल्डर तयार होतं. डावीकडच्या झाडात दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, म्हणून दहादा बघूनही कळलं नाही. विंडोज एक्सप्लोररमध्ये किंवा टर्मिनलवर बघा. एकच फोल्डर असेल तर ते काढा आणि नव्याने करताना टिंबांच्या जागी तिरकी रेघ द्या. वेगळा पत्ता दिलेला नसेल तर मायबॅटिस इंटरफेसच्या पूर्ण पत्त्यावरच एक्सएमएल शोधतं, तेव्हा फोल्डरं खरीखुरी एकात एक हवीत.

खात्री करायला ‘टार्गेट/क्लासेस’ उघडा. इंटरफेसचा क्लास आणि एक्सएमएल एकाच फोल्डरात शेजारी दिसले की झालं. एक्सएमएल कुठे ठेवावी? रिसोर्सेसमध्ये. शेजारी ठेवणं सोयीचं असतं हे मान्य, पण मग दर नव्या माणसाला पॉममधली ती जादा नोंद समजावून सांगावी लागते. तुम्हाला कुणी सांगितली नाही, बघा.

प्रश्न : माझ्या विंडोज लॅपटॉपवर बिल्ड होतो, जार चालते. आपोआप बिल्ड करणारा जेनकिन्सचा सर्व्हर लिनक्सचा आहे, तिथे त्याच कोडचा बिल्ड ‘सक्सेस’ होऊनही जार रिकामी. पॉममध्ये पत्ता बदललेला नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोल्डरांची नावं अक्षर न् अक्षर वाचा. कुठेतरी ‘मेन’ किंवा ‘जावा’चं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांत फरक वाटत नाही, मॅकलाही साधारणतः नाही. लिनक्सला ती दोन निराळी फोल्डरं वाटतात.

एक्सप्लोररमध्ये नाव बदलून भागणार नाही. विंडोजवर गिट सहसा केवळ अक्षराच्या आकारातला बदल बदल म्हणून धरतच नाही. ‘गिट एमव्ही’ दोन टप्प्यांत करा: आधी फोल्डरला काहीतरी तिसरंच नाव द्या, मग त्यावरून हवं ते लहान अक्षरांतलं नाव, आणि कमिट करा. हाच नियम रिसोर्स फाइलींनाही लागू आहे. ‘कॉन्फिग’ फोल्डरातली फाइल कोडमध्ये कॅपिटल अक्षराने मागितली तर फोल्डरातून चालवताना विंडोजवर मिळते, जारमधून चालवलं की विंडोजवरसुद्धा मिळत नाही.

प्रश्न : आम्ही ग्रेडलवर आहोत. कोड नेहमीच्या जागी आहे. शिवाय ‘शेअर्ड’ नावाचं एक फोल्डर जोडायचं होतं. ‘सोर्ससेट्स’मध्ये मेन, त्यात जावा, आणि ‘एसआरसीडर्स’ बरोबर ‘शेअर्ड’ असं लिहिलं. आता ‘शेअर्ड’मधल्या फाइलींत ‘कॅनॉट फाइंड सिंबल’च्या एरर येतात. जे क्लास सापडत नाहीत ते सगळे ‘एसआरसी/मेन/जावा’त जिथल्या तिथे आहेत.
— एक वाचक, पणजी

उत्तर : ते मधलं बरोबरचं चिन्ह काढा. ‘एसआरसीडर्स’ला बरोबरचं चिन्ह लावून यादी दिली की जुनी यादी जाऊन नवी बसते, म्हणजे ‘एसआरसी/मेन/जावा’ यादीतून गेलं. जोडायचं असेल तर ‘एसआरसीडर’ असं एकवचनी लिहून पुढे फक्त फोल्डरचं नाव द्या. मूळ जागा कायम राहते आणि नवी तिच्यात मिळते. मेव्हनमध्ये जादा प्लगइन लागतं ते इथे एका ओळीत होतं, म्हणून ग्रेडलवाले खुशीत असतात. एका चिन्हावर इतका अर्थ टांगणं मला मात्र कधीच आवडलं नाही.

संशय आला की बिल्ड फाइलीत तात्पुरती एक ‘प्रिंटएलएन’ टाकून मेन सोर्ससेटचे ‘एसआरसीडर्स’ छापून बघा. मेव्हनसारखं ग्रेडलही सांगून टाकतं: काहीच सापडलं नाही तर ‘कंपाइलजावा’पुढे ‘नो-सोर्स’ असं लिहितं. अर्थात बिल्ड त्याचाही यशस्वीच.

प्रश्न : मॅडम, टेस्ट फोल्डर योग्य जागी आहे, टेस्ट कंपाइल होतात, पण मेव्हन त्या चालवत नाही. एडिटरमधून चालवल्या तर पास होतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : क्लासची नावं काय आहेत? टेस्ट चालवणारं मेव्हनचं शुअरफायर प्लगइन फोल्डर बघून थांबत नाही, नावही बघतं. ‘टेस्ट’ने सुरू होणारी, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’, ‘टेस्टकेस’ने संपणारी नावं असतील तरच चालवतं. ‘इनव्हॉइसचेक’ असं नाव असेल तर कंपाइल होईल आणि तसंच पडून राहील. ‘आयटी’ने संपणारी नावं फेलसेफ या दुसऱ्या प्लगइनसाठी असतात. नावं बरोबर असतील आणि तरी ‘टेस्ट्स रन: ०’ येत असेल तर शुअरफायरची आवृत्ती बघा. जेयुनिट ५ त्याला २.२२.० पासून समजतं.

प्रश्न : हे जावाचं नाही, चालेल का? मी गो या भाषेत बाजारभाव निर्यात करणारं छोटं टूल लिहिलंय. तीन फाइली: ‘एक्सपोर्ट_सीएसव्ही’, ‘एक्सपोर्ट_जेसन’ आणि वेबसाइटसाठी जावास्क्रिप्ट फाइल काढणारी ‘एक्सपोर्ट_जेएस’. तिन्ही एकाच फोल्डरात, एकाच पॅकेजमध्ये. पहिल्या दोन सापडतात, तिसरीतलं फंक्शन ‘अनडिफाइन्ड’. तिसऱ्या फाइलीत मुद्दाम कचरा लिहिला तरी एरर येत नाही! सेटिंग कुठे बदलायचं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चालेल की. आणि मुद्दाम कचरा लिहून बघितलात हे मला फार आवडलं. टूल फाइल वाचतंय की नाही हे ताडायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

गोमध्ये असं सेटिंग नाही. फोल्डर म्हणजे पॅकेज, आणि फाइलीच्या नावाचा शेवट म्हणजे अट. अंडरस्कोरनंतर शेवटी एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमचं किंवा प्रोसेसरचं ओळखीचं नाव आलं, तर ती फाइल तेवढ्याच बिल्डमध्ये घेतली जाते. ‘विंडोज’ने संपणारी फक्त विंडोजवर, ‘एआरएम’ने संपणारी फक्त एआरएमवर. आणि ‘जेएस’ हेही गोच्या यादीत आहे, वेब असेंब्लीच्या बिल्डसाठी. तुमची फाइल गोला दिसते. या मशीनसाठी ती नाही असं समजून तो बाजूला ठेवतो.

त्याच फोल्डरात ‘गो लिस्ट’ला ‘-एफ’ देऊन ‘गोफाइल्स’ आणि ‘इग्नोअर्डगोफाइल्स’ या दोन याद्या छापून घ्या, तिसरी फाइल दुसऱ्या यादीत दिसेल. उपाय म्हणजे नाव बदलणं. ‘एक्सपोर्ट_जावास्क्रिप्ट’ चालेल. नाव निवडताना सुरुवातीला अंडरस्कोर किंवा टिंब नको, अशा फाइली गो सरसकट वगळतो. आणि शेवटी ‘_टेस्ट’ नको, ती फक्त ‘गो टेस्ट’च्या वेळी कंपाइल होते.